नागपुरात नव्याने राहायला आलात? मोडतोडीच्या दिवसाची तयारी अशी करा

मे महिना, रात्रीचे साडेदहा. वरच्या खोलीत नुकताच राहायला आलेला मुलगा दारात उभा, घामाने निथळत. "काकू, कूलर जळला बहुतेक. नुसता गुणगुणतोय, पंखा फिरतच नाही. उद्या बर्डीवरून नवीन घेऊन येतो."

मुलगा रत्नागिरीचा, मिहानमधल्या नोकरीसाठी आलेला. तिकडच्या दमट हवेत कूलरचा उपयोग नसतो, म्हणून त्याने ही वस्तू कधी हाताळलेलीच नव्हती. मी वर गेले. आधी बटण बंद करून प्लग काढायला लावला. मग लाकडी पट्टीने पातं हलकंच ढकललं. सुळकन फिरलं. पातं मोकळं आहे, मोटर गुणगुणते, पण उचल घेत नाही, म्हणजे बहुतेक वेळा कंडेन्सर, म्हणजे मोटरला सुरू व्हायला जोर देणारा छोटा भाग, गेलेला असतो. ती रात्र त्याने ओली चादर आणि माझ्या टेबलफॅनवर काढली. सकाळी मिस्त्रीने दहा मिनिटांत कंडेन्सर बदलला. सामान आणि मजुरी धरून अडीचशे रुपये लागले. नवीन कूलरचे सात-आठ हजार वाचले.

हनुमाननगरातल्या आमच्या घराच्या वरच्या दोन खोल्या मी बावीस वर्षं भाड्याने देते आहे. मेडिकलला शिकणारी मुलं, बँकेत बदलून आलेल्या मुली, नवीन लग्न झालेली जोडपी असे सगळे राहून गेले. पैसा कुणाकडे कमी होता, कुणाकडे बरा होता. पण पहिल्या वर्षी प्रत्येकाचे पैसे गेले ते घाईत, अंधारात आणि उन्हात घेतलेल्या निर्णयांपायी. म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून काढते आहे.

आधी क्रम लक्षात ठेवा

काहीही बिघडलं की आधी नुकसान थांबवायचं, मग ती वेळ भागवायची आणि त्यानंतर दुरुस्तीला हात घालायचा. घाबरलेला माणूस नेमकं उलट करतो. नळ तुटला की प्लंबरचा नंबर शोधत बसतो आणि तोवर पाणी गादीपर्यंत पोचतं. कॉक बंद केला असता तर प्लंबर उद्या आला तरी चाललं असतं. आणि उद्याचा प्लंबर रात्री अकराच्या प्लंबरपेक्षा स्वस्त पडतो.

पहिल्या रविवारी घर ओळखून घ्या

सामान लावून झालं की घरमालकाला सोबत घेऊन चार जागा बघा: विजेचा मेन स्विच, तुमच्या खोलीचा एमसीबी (जास्त भार आला की आपोआप पडणारा स्विच), गच्चीवरच्या टाकीतून तुमच्याकडे येणाऱ्या पाइपचा कॉक आणि गॅसचा रेग्युलेटर. नुसतं बघू नका, कॉक स्वतःच्या हाताने फिरवून बघा. वर्षानुवर्षं न फिरवलेला कॉक ऐन वेळी जाम निघतो. तसा निघाला तर मालकाला त्याच दिवशी सांगा.

वीजबिलाचा फोटो काढून ठेवा. त्यावरचा बारा आकडी ग्राहक क्रमांक महावितरणकडे तक्रार करताना लागतो. तक्रारीचा नंबर 1912. गॅसचा वास आला तर 1906, इतर कुठल्याही संकटात 112. हे नंबर फोनमध्ये तर ठेवाच, पण एका कागदावर लिहून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. फोन चार्ज नसतानाच नंबर लागतो, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

खोलीची एक जास्तीची किल्ली शेजारी किंवा मालकाकडे ठेवा. कुलूप तोडायला माणूस बोलावण्याची वेळ माझ्या माहितीत सात-आठ जणांवर आली, आणि त्यातल्या एकाचीही दुसरी किल्ली घराबाहेर ठेवलेली नव्हती.

एक डबा भरा

बिस्किटाचा जुना पत्र्याचा डबा चालेल. त्यात सुई, काळा-पांढरा दोरा, चार-पाच बटणं, सेफ्टी पिना, टेस्टर, एक चपटा आणि एक फुलीचा स्क्रू-ड्रायव्हर, छोटी पक्कड, इन्सुलेशन टेप, टेफलॉन टेप, नळाचे दोन वायसर, एम-सील, सुतळी, मेणबत्ती, काडेपेटी आणि दोनशे रुपयांच्या सुट्या नोटा. नोटा अशासाठी की नेट बंद पडलं किंवा फोन हरवला तर त्या दिवशी ऑटोला आणि दुधाला तेवढ्याच उपयोगी पडतात.

आणि एक वस्तू, जी कुणी सांगत नाही: सायकलच्या जुन्या ट्यूबची बोटभर रुंद, हातभर लांब पट्टी. पंक्चरवाला ती बहुधा फुकटच देतो. पाइप कुठे झिरपायला लागला की पाणी बंद करा, जागा पुसा आणि ही पट्टी जोरात ताणत, एकावर एक अर्धी चढवत गुंडाळा. ताणलेलं रबर आवळत जातं आणि गळती थांबते. वरून सुतळी बांधा. माझ्या मोरीतल्या पाइपवर अशी पट्टी तीन दिवस टिकली होती. ही भागवायची सोय आहे, त्यामुळे चौथ्या दिवशी पाइप बदलूनच घ्या.

एम-सीलचे दोन रंग सारखे घेऊन पूर्ण एकजीव होईस्तोवर मळायचे. रेघा दिसत असताना लावलं तर ते धरत नाही. फुटलेली बादली, कुंडी, सिंकच्या कडेची भेग यांना उत्तम. गरम भांड्याला आणि विजेच्या वस्तूला मात्र लावू नका.

कूलर: नागपूरकराचं पहिलं शिक्षण

नागपूरच्या उन्हाळ्यात पारा 45 च्या पुढे जातो आणि 25 मेच्या सुमाराला नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू झाला की दुपारी रस्त्यावर वाराही भाजतो. हवा कोरडी असल्यामुळे कूलरच्या बाजूंना लावलेल्या गवताच्या किंवा खसाच्या ओल्या ताट्यांतून येणारा वारा इथे खरोखर गार लागतो. एवढ्या मोठ्या गोष्टीसाठी थोडा वेळ द्या.

कूलर खिडकीत, बाहेरून हवा ओढेल असा लावा आणि समोरची एखादी खिडकी किंवा दार बोटभर उघडं ठेवा. नवीन लोक सगळं गच्च बंद करतात. मग खोलीत ओल साठते आणि अंग चिकट होतं. ते म्हणतात कूलर बिघडला. कूलर ठीक असतो, हवेला जायला वाट नसते.

ताट्या फेब्रुवारीअखेर किंवा मार्चच्या सुरुवातीला बदला. गवताच्या ताट्या स्वस्त, पण एका मोसमात खाली बसतात आणि वरच्या मोकळ्या भागातून गरम हवा आत येते. खस महाग पडतो, टिकतो जास्त आणि पाणी पडलं की खोलीभर सुगंध दरवळतो. परवडत असेल तर मी खसच घ्यायला सांगते. मेमध्ये मिस्त्री दोन-दोन दिवस येत नाही, कारण त्या आठवड्यात अख्ख्या शहराचे कूलर एकदम बिघडतात. म्हणून कूलरचा एक छोटा पंप आणि तुमच्या मोटरला लागणारा कंडेन्सर मार्चमध्येच आणून ठेवा. छताच्या पंख्याला बहुधा 2.5 मायक्रोफॅरडचा कंडेन्सर असतो. कूलरच्या मोटरचा आकडा वेगळा असू शकतो, तेव्हा जुन्यावर छापलेला आकडा वाचूनच दुकानात जा. छताचा पंखा हळूहळू मंद होत गेला असेल तर तिथेही आधी कंडेन्सरच तपासायला सांगा.

पंखा फिरतोय पण ताट्या कोरड्या? पंपाकडे बघा. प्लग काढा, पंप बाहेर घ्या, खालची जाळी उघडा. बोअरच्या पाण्याचा पांढरा क्षार आणि गवताच्या काड्या तिथे अडकलेल्या असतात. जुन्या टूथब्रशने घासा, नळीत फुंकर मारा, वरच्या पन्हाळीची भोकं खराट्याच्या काडीने मोकळी करा. दहातल्या सात वेळा तेवढ्याने काम होतं. टाकीत पाणी नसताना पंप चालू राहिला तर तो जळतो. तेव्हा पाणी संपत आलं की आधी पंपाचं बटण बंद.

आता जे लिहिते आहे ते दोनदा वाचा. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं दगावतात, लहान मुलंसुद्धा. पत्र्याचं अंग, पाणी, ओली फरशी आणि अनवाणी पाय, सगळं एका जागी येतं. पाणी भरायच्या आधी बटण बंद आणि प्लग बाहेर. प्रत्येक वेळी. तीन पिनांचाच प्लग, आणि सॉकेटमध्ये अर्थिंग खरोखर आहे का हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. वायरला जोड नको, टेप गुंडाळलेली तर नकोच. पायात रबरी चप्पल. चालू कूलरच्या पत्र्याला मुलांना हात लावू देऊ नका. घरमालकाला गळती ओळखून वीज तोडणारा स्विच, म्हणजे ईएलसीबी किंवा आरसीसीबी, बसवायची विनंती करा. मी आमच्याकडे तो बसवला, कारण वरच्या पोरांच्या आया आपापल्या गावी निश्चिंत झोपायला हव्यात.

लाइट गेली, पाणी आलं नाही

लाइट गेली की आधी खिडकीतून शेजारी बघा. त्यांच्याकडे असेल आणि तुमच्याकडे नसेल तर घरातलाच एमसीबी पडलेला असतो. सगळी बटणं बंद करा, एमसीबी वर करा, मग एकेक बटण सुरू करत जा. ज्या बटणाला तो पुन्हा पडेल, ती वस्तू दोषी. तिचा प्लग काढून बाकी घर चालू ठेवा. काहीच सुरू नसताना पडत असेल किंवा जळका वास येत असेल तर हात लावू नका, इलेक्ट्रिशियनलाच येऊ द्या.

फ्रिज उघडू नका. बंद राहिला तर साधारण चार तास आतला गारवा टिकतो, सारखा उघडला तर तासाभरात जातो. माठ मात्र बारा महिने भरलेला ठेवा.

उन्हातून येऊन कुणाला भोवळ आली, हातपाय गळाले आणि ओआरएसची पुडी घरात नसेल, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट पाजा. मीठ अंदाजाने घालू नका, मोजूनच घाला. अंग तापलेलं आहे आणि माणूस असंबद्ध बोलतोय, तर पाजत बसू नका. अंगावर पाणी शिंपडत, वारा घालत सरळ दवाखाना गाठा.

शहराला पाणी पेंच आणि कन्हानहून येतं. दुरुस्तीसाठी पुरवठा बंद राहणार असेल तर बहुधा आदल्या दिवशी पेपरात येतं. झाकणाचा एक ड्रम भरून ठेवा आणि आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामा करून घासा. कूलरच्या टाकीलाही हाच नियम, कारण डेंग्यूच्या डासाला अंड्यातून बाहेर पडून उडायला आठवडा पुरतो.

स्वयंपाकघरातल्या चुका

उन्हाळ्यात दूध फाटणारच. उकळताना फाटलं, पण वास चांगला आहे, तर लिंबू पिळून पूर्ण फाडा, फडक्यात बांधा, पनीर झालं. त्याच्या पाण्यात कणीक भिजवा, पोळ्या मऊ होतात. पण आंबट, कडवट वास येत असेल तर फेकून द्या. वीस रुपयांच्या दुधासाठी पोट बिघडवून घेऊ नका.

कुकरची शिटी होत नाही आणि कडेने वाफ जाते, तर रिंग ढिली झाली आहे. पाच-दहा मिनिटं ती बर्फाच्या पाण्यात ठेवा, आकसते आणि त्या वेळेचा भात होऊन जातो. दुसऱ्या दिवशी नवीन रिंग आणा. जुना कुकर झाकणासकट घेऊन गेलात तर मापाची चूक होत नाही. इतवारीच्या भांडे ओळीत कुकरचे सुटे भाग मिळतात.

मिक्सर एकदम बंद पडला तर उलटा करून बुडाशी बघा. बऱ्याच मिक्सरना तिथे लाल बटण असतं. जास्त भार पडला की ते बाहेर येतं. भांडं थोडं रिकामं करा, पाच मिनिटं थांबा, बटण दाबा. माझ्याकडे राहिलेल्या एका जोडप्याने लग्नात आलेला मिक्सर भंगारात द्यायला काढला होता. त्याचं एवढंच झालेलं होतं.

उरलेल्या भाताला आणि पोळ्यांना फोडणी द्यायची हे तुम्हाला घरूनच माहीत असेल. फक्त मे महिन्यात रात्रीचा भात बाहेर ठेवून सकाळी खाऊ नका.

सुई-दोरा

बटण लावणं सोपं वाटतं आणि म्हणून बहुतेक जण चुकीचं लावतात. दोरा दुहेरी घ्या, गाठ मारा, बटण आणि कापड यांच्यामध्ये एक काडी ठेवा. चारही भोकांतून तीन-तीन टाके घाला. काडी काढा. बटण आता जरा सैल लोंबतं. सुई कापड आणि बटण यांच्यामध्ये आणून त्या दोऱ्याभोवती तीन-चार वेढे घट्ट द्या आणि मागे गाठ मारा. बटणाला छोटीशी मान तयार होते. काजात ते बसतं आणि कापड ओढलं जात नाही.

बॅगेची चेन बंद होते पण मागून उघडत जाते, तर दाते ठीक असतात, रनर पसरलेला असतो. त्याच्या दोन्ही कडा पकडीने हलक्या, अगदी हलक्या दाबा. जोर केलात तर तो तुटेल. तरी जमलं नाही तर मोची नवीन रनर टाकून देतो. चपलेचा अंगठा तुटला तर सेफ्टी पिनेने घरी पोचा आणि मोच्याकडे शिवून घ्या. चिकटवणीने भागत नाही, नागपूरचं ऊन चिकटवणी सोडवतं. चांगला कपडा उसवला-फाटला तर तो न धुता आधी शिवा, धुतल्यावर भोक वाढतं. लग्नाची साडी, कोट, लोकरी शाल असलं काही असेल तर रफू करणाऱ्याकडेच द्या.

गाडी

चाकातली हवा सकाळी, टायर थंड असताना भरा. क्लचची तार एकदम तुटत नाही. हँडलजवळ तिचे एकेक पदर सुटायला लागतात, बोटाला टोचतात. एवढं दिसलं की त्याच आठवड्यात बदलून घ्या, वर्धा रोडवर दुपारी दोन वाजता तुटायची वाट बघू नका. डिकीत जुना टॉवेल ठेवा: उन्हात सीटवर, पावसात हातात. पावसाच्या पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा पुन्हा स्टार्टर मारू नका. पाणी इंजिनात ओढलं गेलं तर पाचशेचं काम कितीतरी पटीने वाढतं. ढकलत मेकॅनिककडे न्या.

कागदपत्रं आणि फोन

23 सप्टेंबर 2023 ला पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला, नागनदी फुगली आणि अंबाझरी लेआउटपासून बर्डीपर्यंत घरांत, दुकानांत पाणी शिरलं. माझ्या नणंदेची सगळी सर्टिफिकेटं पलंगाखालच्या ट्रंकेत होती. आम्ही दोघी दोन दिवस जमिनीवर बसून ती वाळवत होतो. तेव्हा शिकले ते सांगते: ओले कागद ओढून सुटे करू नका, फाटतात. गठ्ठा तसाच आडवा ठेवा, जे पान आपोआप सुटेल ते अलगद काढा, कोऱ्या टिपकागदावर नाहीतर सुती फडक्यावर पसरा, पंखा दुरून लावा. उन्हात घालू नका, कागद वाकडा होतो आणि शाई उडते. लॅमिनेट केलेल्यांचं सर्वांत वाईट झालं. कडेने पाणी आत गेलं आणि बाहेर निघायला वाट नव्हती. म्हणून मूळ मार्कशीट लॅमिनेट करू नका.

तळमजल्यावर राहत असाल तर कागदपत्रं प्लॅस्टिकच्या पाउचमध्ये, खांद्याच्या उंचीवर ठेवा. आधार, लायसन्स, मार्कशीट डिजीलॉकरमध्ये चढवा. आजच करा, अर्धा तास लागतो.

फोनवर *#06# दाबा, दिसेल तो आयएमईआय नंबर कागदावर उतरवा. फोन हरवला तर सिम बंद करा, पोलिसात तक्रार नोंदवा आणि संचार साथी पोर्टलवरून हँडसेट ब्लॉक करा. खात्यातून पैसे गेले तर त्याच क्षणी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. फोन पाण्यात पडला तर बंद करा, पुसा, पंख्याखाली ठेवा. चार्जिंगला लावू नका. तांदळाच्या डब्यात खुपसू नका, पीठ आत जातं.

इथे पैसे वाचवू नका

गॅसची नळी पाच वर्षांनी बदलायचीच, तारीख तिच्यावर छापलेली असते. कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह कंपनीचाच घ्या. गाडीचे ब्रेक, गुळगुळीत झालेला टायर, आपटलेलं हेल्मेट, पाणी तापवायच्या रॉडची सोललेली वायर, या कशालाही टेप, एम-सील किंवा "चालेल अजून महिनाभर" लावू नका. मुलं माझ्याशी घासाघीस करतात, मी ऐकत नाही.

मिस्त्रीशी बोलताना

काय झालं ते सांगा, काय बदलायचं ते सांगू नका. "गुणगुणतो पण फिरत नाही" एवढं सांगितलं की जाणता माणूस अर्धं काम तिथेच करतो. मजुरी आधी ठरवा. बदललेला जुना भाग मागून घ्या. चांगला मिस्त्री तो न मागता हातात देतो, आणि असा भेटला की त्याला दुसऱ्याच्या दरावरून पिळू नका, नंबर जपून ठेवा. दुरुस्तीचा खर्च नव्याच्या निम्म्यावर जात असेल तर मी नवीन घेते. त्याआधी मात्र बाजारात एक चक्कर मारते.

जून उजाडला, पहिले दोन-तीन पाऊस झाले की कूलरने गारवा मिळत नाही, हवा ओली झालेली असते. मग एका कोरड्या दुपारी तो उतरवा. ताट्या काढा, टाकी रिकामी करून क्षार घासा, दिवसभर उघड्यावर वाळू द्या, गंजलेल्या जागी पॉलिशपेपर मारून रंगाचा हात द्या. पंप पुसून, पेपरात गुंडाळून डब्यात ठेवा. झाकणाच्या आतल्या बाजूला पेनने कंडेन्सरचा आकडा आणि पंप कधी घेतला ते लिहा.